एकशे अठरा सेंटिमीटर

मुलांची उंची मोजण्याची त्याची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीवरून तो कोणाशीही वाद घालायला तयार असे. पायांतले काढायचे, टाचा दाराच्या चौकटीला टेकवायच्या, नजर समोर ठेवायची. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरायचे, त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची आणि तारखेखाली दोन बारीक रेघा मारायच्या. टेप लावायची ती त्यानंतर. बालसंगोपन खात्याच्या नियमांत चौकटीचा उल्लेख नव्हता. 'उंचीची नोंद करावी' एवढेच होते. इतर भेट-अधिकारी टेप भिंतीला लावत, आकडा टिपत आणि पुढच्या घराची वाट धरत. त्याचे म्हणणे असे, की सांभाळण्यासाठी परक्या घरी ठेवलेल्या मुलाला आपण इथे वाढतो आहोत हे रोज जाता-येता दिसले पाहिजे. वही खात्याची असते. रेघ मुलाची असते.

"एकशे अठरा," तो म्हणाला.

"परत?" बिट्टीने मान वळवली.

"हलू नकोस." त्याने पुस्तक उचलून पुन्हा ठेवले, पुन्हा मोजले. नवी रेघ ओढायला जागाच नव्हती. गेल्या अकरा महिन्यांच्या रेघा एकमेकींवर बसून त्यांची एकच काळी, जाड पट्टी झाली होती.

बिट्टी नऊ वर्षांची होती. तीन वर्षांत हे तिचे तिसरे घर, आणि तिन्ही घरांत तिला सोडायला तोच आला होता. या घरची बाई शिवणकाम करी. बिट्टी तिला मावशी म्हणे, म्हणून त्याच्याही मनात ती मावशीच झाली होती; तोंडाने मात्र तो 'ताई' म्हणे.

"मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं, साहेब," मावशी यंत्रावरून न उठताच म्हणाली. "हिच्या फ्रॉकची खालची दुमड मी एकदाही उसवलेली नाही. गिऱ्हाइकांच्या पोरींची दर चार महिन्यांनी उसवते."

"जेवण?"

"माझ्याहून दोन घास जास्त. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. सगळं चोख आहे म्हणतात. चोख आहे तर जातंय कुठे?"

"मी लहानच बरी," बिट्टी मोजे चढवत म्हणाली. "काकांना उचलून न्यायला सोपं."

ती हसली. मावशीचे यंत्र मात्र थांबले.

"साहेब, नेणार नाही ना तिला?" तिने विचारले. बिट्टी आतल्या खोलीत जाईपर्यंत ती थांबली होती. "मी कायमचं मागितलंय. अर्जावर सही केलीय. आता ती रात्री दाराकडे तोंड करून झोपत नाही. एवढ्यासाठी मला आठ महिने लागले."

"मी बघतो," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला आवडत नसत, कारण ते तो फार वेळा वापरी.

*

अधीक्षक बाईंनी कलमावर बोट ठेवले. सलग तीन तिमाही तपासण्यांत मुलाची उंची वाढली नसल्यास सांभाळात त्रुटी आहे असे मानून मुलाला अन्य घरी हलवावे.

"ती वाढत नाही, कारण आपण तिला सारखं हलवतो," तो म्हणाला. "आणि आपण हलवतो, कारण ती वाढत नाही. यातली गफलत तुम्हांला दिसत नाही?"

"मला कलम दिसतं."

"कलम माणसांनी लिहिलंय."

"हो ना. आणि ती माणसं निवृत्त झाली. आता तुम्ही नि मी उरलो." अधीक्षक बाई दुष्ट नव्हत्या, त्या थकल्या होत्या, आणि त्यांच्याशी भांडणे म्हणूनच अवघड होते. "नवं घर तयार आहे. चांगली माणसं आहेत. तुमची पोर तिथे उंच होईल."

"मागच्या दोन घरांतही ती वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली होती. म्हणजे ती मुळातच सावकाश वाढते. यात या बाईचा काय दोष?"

"आकडे दाखवा. आठ दिवस देते."

आकडे नव्हते. मूल घरातून हलले की त्या घरची नोंदवही रद्दीत जाई, असाही एक नियम होता आणि त्याविरुद्ध त्याने चार पत्रे लिहिली होती. पण या वेळी जिना उतरताना त्याच्या तोंडाला कित्येक वर्षांत प्रथमच विजयाची चव आली. वह्या गेल्या होत्या. चौकटी जागेवर होत्या.

*

पहिले घर घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध जोडप्याचे होते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात लावलेली तीस-चाळीस घड्याळे आपापल्या चालीने टकटकत होती. घड्याळजींनी डोळ्याला लावलेले भिंग न काढताच मान डोलावली आणि आत हाक दिली, "अगं, साहेब आलेत."

त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "आज कसे? तुमचा वार नाही हा."

दोन वर्षांत आपण इथे पाऊल टाकले नाही, हे त्याला आठवले. म्हातारपणी वारांचा घोटाळा होतो असे समजून त्याने ते सोडून दिले. "वहिनी, चौकट बघायची होती. जुन्या खुणा."

"बघा की. तुमचीच आहे."

चौकट मधल्या दाराची होती, हिरव्या रंगाची. त्याने गुडघ्यावर बसून टेप लावली. एकशे बारा. एकशे तेरा. एकशे चौदा. एकशे पंधरा. शेजारी तारखा, तारखांखाली दोन-दोन बारीक रेघा. शेवटची तारीख त्याने बिट्टीला इथून नेले त्या आठवड्यातली. अगदी त्याच्या आठवणीप्रमाणे. त्याने समाधानाने आकडे टिपले आणि तो उठला.

उठताना रेघा त्याच्यासोबत वर येत राहिल्या.

एकशे सोळा. एकशे सतरा. एकशे वीस. प्रत्येक रेघेशी तारीख होती. तारखेखाली दोन बारीक रेघा होत्या. पाचाच्या अंकाला वरून जरा जास्त वळण देण्याची त्याची खोड होती. तेही वळण तिथे होते. सर्वांत वरची रेघ एकशे एकतीसवर होती आणि तिची तारीख गेल्या मंगळवारची होती.

गेल्या मंगळवारी तो तापाने फणफणून घरी पडून होता.

"हे कोणी केलं?" त्याने विचारले.

"काय?"

"या वरच्या रेघा."

वहिनी त्याच्याकडे बघून हसल्या. थट्टा चालली आहे असे समजून माणूस हसतो तसे. "तुम्हीच नाही का दर महिन्याला येत? ती पुस्तक डोक्यावरून पाडते नि तुम्ही रागावता."

"वहिनी, ती इथे नाही. मी तिला नेलं. दोन वर्षं झाली."

"नेलं होतंत," दुकानातून घड्याळजी म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित अवघडलेपण होते. "तीन-चार दिवस घर अगदी खायला उठलं होतं. मग आली. आम्ही म्हटलं, साहेबांनीच मन बदललं असेल. कशाला विचारा. विचारलं की कागद निघतात."

"कुठे आहे ती?"

"शाळेत. येईलच एवढ्यात. थांबा ना."

दाराशी चपला ठेवण्याच्या फळीवर शाळेच्या बुटांची जुनी जोडी होती. अंगठ्यांपाशी ते बूट आतून फाटले होते. त्याने तळावरचा आकडा पाहिला. बिट्टी ज्या मापाचे बूट घाले त्याहून हे तीन मापांनी मोठे होते.

तो थांबला नाही. गल्ली ओलांडताना शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली आणि मुलींचा एक घोळका समोरून येऊ लागला, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि घोळका पुढे जाईपर्यंत स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत राहिला.

*

दुसरे घर दोन निवृत्त शिक्षक बहिणींचे होते, तिसऱ्या मजल्यावर. तो सुज्ञ माणूस होता, एका अनुभवावरून निष्कर्ष काढणे त्याला मान्य नव्हते, म्हणून तो गेला. थोरल्या बाईंनी दार उघडले. त्यांच्या खांद्यावरून त्याला आतली चौकट दिसली. एकशे अठराच्या रेघेवर निदान नऊ सेंटिमीटर रेघा चढलेल्या होत्या; एवढे त्याला टेपेशिवायही कळत होते.

"बरं झालं आलात," थोरल्या म्हणाल्या आणि आत वळून त्यांनी बिट्टीला इथे असताना जी मारत तीच हाक मारली, "राणी, माप द्यायला ये गं."

आत खुर्ची सरकली.

तो जिना उतरला.

*

रस्त्यावरच्या बाकावर बसून त्याने वही मांडीवर घेतली आणि बेरीज केली. पहिल्या घरी सोळा. दुसऱ्या घरी नऊ. पहिल्या घरची मुलगी नऊ वर्षांच्या मुलीने असायला हवे तेवढी उंच होती. मावशीकडे शून्य.

आणि मग त्याला जे जाणवले त्याने भीतीसुद्धा मागे पडली. त्याला संतापच आला. हा पुरावा त्याच्या उपयोगाचा नव्हता. उलटा होता. ज्याला दाखवावा त्याला एवढेच दिसले असते, की दोन घरांत मुलगी उत्तम वाढते आणि तिसऱ्यात खुंटते.

अधीक्षक बाईंनी ते आधीच पाहिले होते. "मी दोन्हीकडे फोन केला," त्या म्हणाल्या. "दोघीही म्हणाल्या, मुलगी ताडमाड वाढतेय. त्यांना काळ नीट सांगता येत नाही, वय झालंय. पण अर्थ कळला मला. परवा शेवटचं माप घ्या. वाढ नसेल तर त्याच दिवशी हलवा. आदेश काढलाय."

"आणि वाढ असेल तर?"

"तर आदेश फाडीन. मला हौस नाहीये."

सव्वीस वर्षांत त्याने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. या एका गोष्टीच्या जोरावर तो सगळ्यांशी भांडत आला होता.

*

मावशीने बॅग भरून दाराशी ठेवली होती. भरताना तिने प्रत्येक कपड्याची घडी दोनदा केली असावी. बिट्टी चौकटीला पाठ लावून आधीच उभी होती.

"काका, मी टाचा वर केल्या तर?"

"मला कळेल."

"मग करू नको?"

त्याने पुस्तक तिच्या डोक्यावर धरले. काळी पट्टी जिथे होती तिथेच होती. त्याने पेन्सिल घेतली, पट्टीच्या वर बोटभर जागा सोडली आणि कोऱ्या लाकडावर रेघ ओढली. तारीख घातली.

मावशीच्या गळ्यात तिची शिवणाची टेप होती. तीस वर्षे मापे घेतलेल्या नजरेला जे दिसायचे ते दिसले.

"साहेब," ती हळू म्हणाली.

"एकशे वीस," तो म्हणाला आणि त्याने फॉर्मवर आकडा लिहिला. "वाढ समाधानकारक."

मावशी खाली बसली. बॅगेचा पट्टा तिच्या हातात होता. तो तिने बराच वेळ सोडला नाही. बिट्टी वळून कोऱ्या जागेवरच्या त्या रेघेकडे पाहत होती.

"ही कुणाची?" तिने विचारले.

"तुझी. पोच तिथपर्यंत."

अधीक्षक बाईंनी शब्द पाळला. संध्याकाळी त्यांनी आदेश त्याच्यासमोर फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. मावशीच्या अर्जावर त्याच आठवड्यात मंजुरीचा शिक्का पडला. तो स्वतः कागद घेऊन गेला. मावशी रडली. बिट्टीने तो कागद तीन वेळा वाचला आणि विचारले, आता दप्तरावर नाव घालू का, शाईने? घाल, तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी कचेरीतला फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज होता, आनंदी आणि थोडा धापा टाकणारा. आपण कोण हे सांगायला ती विसरली. मग हसून तिने पत्ता सांगितला. नव्या घराचा पत्ता. जिथे कोणालाही पाठवले नव्हते.

"म्हटलं, तुम्हांला कळवावं, पोर रुळली अगदी. तुम्ही त्या दिवशी घाईत गेलात, बॅगसुद्धा राहिली वाटतं. काही बिघडलं नाही, आमच्याकडे कपडे आहेत."

त्याने खुर्चीचा हात धरला. "कोणत्या दिवशी?"

"म्हणजे काय? गेल्याच आठवड्यात नाही का, तिला सोडलंत तेव्हा. गुणी आहे हो. खाते, हसते, मला आईच म्हणते." बाई थांबली. मागे कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला आणि तिने आवाज खाली आणला. "फक्त एक विचारायचं होतं. फॉर्मवर वय नऊ लिहिलंय, ते बरोबर आहे ना? नाही, काही तक्रार नाही. आमची दारं चांगली उंच आहेत. पण खोलीत येताना ती वाकते."