दाराशी उभी केलेली बाई

जयवंताचं लग्न शेवटी तिच्या मायनं जुळवलं.

पण ते राहू द्या, तसं काही झालं नाही. माय, म्हणजे भागीरथाबाई, पंच्याहत्तर साली कावीळ होऊन गेली होती आणि गेलेली माणसं लग्नं जुळवत नाहीत. ते काम जिवंत नातेवाईक करतात आणि बरंचसं बिघडवतात. तेव्हा आपण चुन्यापासून सुरुवात करू.

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी. रोहण्यात जयवंताच्या बाबांचं, नत्थूजींचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे गोठा. इतकं साधं की पोस्टमन दोनदा पुढे निघून जायचा. चौथे पाहुणे जयवंताला पाहून गेले आणि चारच दिवसांत निरोप आला: पोरगी बरी आहे, पण घरात बाई नाही. बिनबाईच्या घरात सोयरीक कशी करावी?

जयवंताला मनातून बरंच वाटलं. तेविसावं सरत आलं होतं, लग्नाला तिची ना नव्हती, पण बाबांचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. शेतात उधळलेले बैल एकट्यानं आवरणाऱ्या नत्थूजींना रिकाम्या घरात घास गिळता येत नसे. मागे ती शिवणाच्या परीक्षेला तीन दिवस आर्वीला गेली, तर हे तिन्ही दिवस गोठ्यात जेवले, बैलांकडे तोंड करून. विचारलं तर म्हणाले, "थे बोलत नाईत, पन आयकतात त." अशा माणसाला सोडून सासरी जायचं म्हणजे त्याला उपाशी मारायचं, एवढं तिचं सरळ मत होतं.

शेजारच्या अनुसयाबाईंचं मत वेगळं होतं.

"नत्थूभाऊ, पाहुने पोरगी मांगून पाहतात, आंधी भित पाहतात. तुमच्या घराकडे पाह्यलं त वाटते, आतमंदी कोनी रुसून बसलं हाय. काही रूप द्या न बाप्पा त्याले!"

नत्थूजींनी मनावर घेतलं. चुन्यात नीळ कालवली. पहिल्या हाताला ती जास्त झाली आणि घर शाईच्या दौतीसारखं दिसू लागलं. दुसऱ्या हाताला माणसात आलं. दाराला हिरवा ऑइलपेंट लागला. डालड्याचे डबे लाल रंगवून त्यात मोगरा लावला. फुटक्या बांगड्यांचं तोरण झालं. भिंतीच्या पायथ्याशी जयवंतानं चार बोटं रुंद गेरूचा पट्टा ओढला आणि हात धुऊन ती शेतात डबा द्यायला गेली.

परत आली तेव्हा पट्टा जिथे जिथे कोपऱ्याला वळत होता, तिथे ओल्या गेरूत बोटाचे तीन ठिपके होते. माय गेरू द्यायची तेव्हा असेच उठवायची.

"काकू, ठिपके तुमी देल्ले का?"

"मले माह्या घरचं काम नाई का?" अनुसयाबाई म्हणाल्या.

मग आपणच सवयीनं दिले असतील, असं जयवंतानं ठरवलं. दोन दिवसांनी मायच्या जांभळ्या लुगड्याचे पडदे बेतून, मोठे मोठे टाके घालून ती पाण्याला गेली. भरलेली घागर घेऊन आली तेव्हा पडद्यांची खालची घडी बारीक टाक्यांनी दुमडलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक टाका. नत्थूजींना सुईत दोरा घालता येत नसे. तेही आपणच केलं असेल, असं तिनं ठरवलं. तिच्या स्वतःच्या मते ती त्या आठवड्यात फारच कामसू झाली होती.

उरलं दार. लग्नघराच्या दाराशी भिंतीवर कलश घेतलेली बाई काढतात, पाहुण्यांच्या स्वागताला. त्यासाठी आर्वीहून बंडूजी पेंटर आले. त्यांच्या हातून उतरणाऱ्या सगळ्या बायका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असत. शाळेवरची सरस्वती, कापडदुकानावरची नवरी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची कुटुंबनियोजनवाली, चेहरा एकच, फक्त हातातली वस्तू वेगळी.

अनुसयाबाई धावत आल्या. "अवो, सोयरीक ठरल्याबिगर नाई उभी करत तिले! कोनाच्या स्वागताले उभी हाय, थे तिले कसं समजन?"

"समजन," नत्थूजी म्हणाले. "येईन त्याचं करन."

दुसऱ्या दिवशी दुपारी बंडूजी स्टुलावरून उतरले, बिडी तोंडात धरली आणि ती पेटवायची विसरून भिंतीकडे पाहत बसले. ही बाई बाकीच्यांची बहीण नव्हती. बारीक हनुवटी, डाव्या भिवईला मधोमध जुन्या जखमेची खाच, आणि हसू दाबल्यासारखे मिटलेले ओठ. मायचा, भागीरथाबाईंचा, फोटो कुठेच नव्हता, कारण त्यांनी तो कधी काढलाच नव्हता. बंडूजींनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"कोन व्हय जी हे?" बंडूजींनीच विचारलं.

"तुमीच काढली न?" जयवंता म्हणाली.

"हात माहाच होता. पन मी भिवई सिधी काढलती." बिडी कानामागे खोचून ते म्हणाले, "दोनदा."

त्या संध्याकाळी ताट घेऊन नत्थूजी ओसरीवर, भिंतीसमोर बसले आणि रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त जेवले. जयवंतानं ती मोजली नाही असं दाखवलं.

पाचवे पाहुणे आंजीचे. मधुकरराव, त्यांची बायको देवकाबाई, मुलगा ओमप्रकाश आणि दोन काका. साडेतीनच्या एसटीनं येणार होते, म्हणून नत्थूजी धुतलेली टोपी घालून तीनलाच स्टँडवर जाऊन उभे राहिले. घरात कप चारच होते, म्हणून जयवंता मागच्या दारानं अनुसयाबाईंकडे कप मागायला गेली. अनुसयाबाईंनी कपांबरोबर पाहुण्यांसमोर कसं बसावं, कसं उठावं, कुठे पाहावं हेही दिलं, त्यात अर्धा तास गेला.

पाहुण्यांना ओळखीच्या माणसाची जीप मिळाली. तीनला थोडं होऊन गेलं तोच ते दुसऱ्या वाटेनं गावात शिरले.

एसटी रिकामी आली म्हणून नत्थूजी तोंड पाडून परतले, आणि जयवंता पदराखाली कप घेऊन आली, तेव्हा दोघं दारातच एकमेकांना भेटले. दारापुढे जीप उभी होती. ओसरीपाशी पाच जोड चपला, एका रेषेत, टाचा घराकडे. आत सतरंजीवर पाच माणसं, पाय धुतलेली. ताटात पाच कप, अर्धे प्यायलेले.

"या, या," मधुकररावांनी नत्थूजींचं त्यांच्याच घरात स्वागत केलं. "आमाले सांगतलतं का घरात बाई नाई. लोकाईच्या तोंडाले काय लागता! विहीनबाई त दारातच उभ्या होत्या."

"पाय धुवाले पानी देल्लं," देवकाबाई म्हणाल्या. "बोलनं कमी हाय त्याईचं. पन हासतात लय गोड. बोलवा न त्याईले बाहेर, सोयरीक पोरीच्या मायसमोर बोलू."

नत्थूजी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"थे बाहेरच्या मानसाईत बसत नाई," ते म्हणाले.

आणि हेही खोटं नव्हतं. भागीरथाबाई कधीच बसल्या नव्हत्या.

जयवंता आत गेली.

चूल पेटलेली होती. गंजाच्या तळाशी चहाची पत्ती, अजून वाफ. साखरेच्या डब्याचं झाकण बाजूला. पाचवा कप कुठून आला हे तिनं स्वतःला विचारलं नाही, कारण तिची नजर सांडशीवर गेली होती: ती खिळ्यालाच होती, कुणी वापरलीच नव्हती. चुलीवरचा गंज माय नेहमी हातानंच उतरवायची. चटका बसला की कानाची पाळी धरून हसायची.

सारवलेल्या जमिनीवर पाण्याचे थेंब होते. चुलीपासून बाहेरपर्यंत.

ती थेंबांमागून गेली.

ऊन कलत होतं. जीपच्या बोनेटवर एक कोंबडी बसली होती. भिंतीवरची बाई आपल्या जागी, कलश आपल्या जागी.

उजव्या हाताच्या दोन बोटांवरचा रंग फुगून आला होता. भाजल्यावर येतात तसे दोन फोड.

आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. जयवंता मागच्या दारानं घरात गेली, जवसाच्या तेलात कापसाचा बोळा बुडवून आणला आणि त्या बोटांवर अलगद टेकवला.

भिंत कोमट होती.

"माय," ती पुटपुटली, "सांडशी कायले ठेवली हाय वो?"

ओठ हलले नाहीत. असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. बोटं मात्र जराशी आत ओढली गेली. तेल झोंबल्यावर ओढतात, तेवढीच.

सोयरीक त्याच दिवशी पक्की झाली, लग्न वैशाखात लागलं. निघताना जयवंता बाबांचा सदरा सोडेना. तिला गोठा दिसत होता, बैल दिसत होते, मांडीवरचं ताट दिसत होतं.

"जा न बाप्पा निवांत," नत्थूजी तिच्या कानाशी म्हणाले. "घरात बाई हाय."

दिवाळीला ती माहेरी आली, ती थेट गोठ्यात डोकावली. तिथे फक्त बैल होते. नत्थूजींच्या गालावर मांस चढलं होतं. सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या जागेवर होत्या, बारीक टाक्यांनी लावलेल्या. मोरीपाशी दोन ताटं धुऊन उपडी घातली होती. भिंतीवर बाई होती. तिच्याकडे पाहून जयवंताला रडू आलं आणि मग का कोण जाणे, हसू आलं.

नत्थूजींनी कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं, डाव्या हातानं. उजवा हात दुपट्ट्याखाली होता.

"अक्षर तुह्यं चांगलं हाय. तहसीलीत अर्ज द्याचा हाय. मी सांगतो तसं लिही."

"हात काऊन झाकला, बाबा?"

"लिही तू आंधी."

ते सांगत गेले, ती ते कागदाच्या भाषेत लिहीत गेली. शेवटून दुसऱ्या ओळीशी तिचं पेन थांबलं, नजर दुपट्ट्याकडे गेली. मग तीही ओळ लिहिली.

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी साहेब, आर्वी

विषय: रेशन कार्डावरून कमी केलेले नाव पुन्हा चढवणेबाबत.

महोदय,

अर्जदार नत्थूजी, राहणार रोहणा, यांच्या पत्नी भागीरथाबाई यांचे नाव सन १९७५ मध्ये मयत म्हणून कमी करण्यात आले. ते त्या वेळी बरोबर होते. सदर बाई चालू वर्षाच्या फेब्रुवारीपासून घरी राहत असून चहात दोन चमचे साखर घेतात, त्यामुळे एका माणसाची साखर दोघांना पुरत नाही. तरी त्यांचे नाव पुन्हा चढवावे. वय अडतीस लिहावे व ते दरवर्षी वाढवू नये. चौकशीस कर्मचारी पाठवल्यास त्यांना सूचना द्यावी की बाईंच्या हातातून कप घेऊ नये, खाली ठेवू द्यावा, कारण रंग लागतो व नंतर निघत नाही. अर्जदाराला तो मनगटाच्या वर चढला आहे, त्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. फक्त साखर लवकरात लवकर सुरू करावी, ही नम्र विनंती.