वरीलप्रमाणे

सील तुटलेलं होतं, आणि शेडप्रमुखांना त्याचा मनापासून आनंद झाला होता.

"बघा मॅडम," इंजिनाच्या केबिनमध्ये पोट सावरत ते म्हणाले, "तार तुटलीय, शिसं लोंबतंय. आणखी काय पुरावा हवा?"

तपासनीस बाईंनी आधी लोंबणाऱ्या शिशाकडे पाहिलं, मग शेडप्रमुखांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे. सव्वीस वर्षांत त्यांनी बरेच अपघात पाहिले होते. प्रत्येक अपघाताशेजारी असा एक इस्त्रीचा शर्ट उभा असायचा आणि दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवत असायचा. बाईंना आताशा त्याचा रागही येत नसे, नुसती शिसारी येई.

गुरुवारी सकाळी दाट धुक्यात या इंजिनाने लाल सिग्नल ओलांडला होता आणि पुढे उभ्या असलेल्या मालगाडीला मागून धडक दिली होती. वेग किरकोळ होता. प्रवाशांना खरचटलंसुद्धा नाही. पण मालगाडीचा गार्ड खाली उतरून शेवटच्या डब्यामागे उभा होता. त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशी समितीने दोन दिवसांत निकाल लावून टाकला होता: चालकाने सुरक्षा यंत्रणा बंद केली, म्हणून गाडी थांबली नाही. आज शनिवार. दुपारी तीनला अहवालावर सह्या झाल्या की चालक बडतर्फ आणि तिथूनच पोलिसांच्या ताब्यात. शेडप्रमुखांसह सगळे सहीला तयार होते, फक्त बाईंचा होकार राहिला होता.

या यंत्रणेला चालक मंडळी आत्याबाई म्हणत, कारण ती सतत टोकायची. रुळांच्या मधोमध ठरावीक अंतरावर चपट्या डब्या बसवलेल्या असतात. इंजिन वरून गेलं की डबी सांगते, पुढचा सिग्नल अमुक मीटरवर आहे. सिग्नल लाल की हिरवा, ते रेडिओवरून कळतं. मग आत्याबाई चाकांचे फेरे मोजत उरलेलं अंतर पडद्यावर दाखवत राहते. चालकाने ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक लावते. तिला गप्प करायचं एकच बटण, आणि त्याला सील. बटण फिरवलं की शेजारचा आकडा एकाने वाढतो, आणि तो मागे नेता येत नाही.

आकडा आठ होता.

"शेडमधून निघताना सात होता," शेडप्रमुख म्हणाले. "नोंदवहीत आहे. म्हणजे त्याने एकदा फिरवलं. सरळ हिशेब आहे."

"यंत्रणेच्या मेमरीत वेळ सापडेल की."

"मेमरी कार्ड धक्क्याने निकामी झालं ना."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. काचेला तडा नव्हता. खुंटीवरची टोपी खुंटीवरच होती. एवढ्या धक्क्याने नेमकं कार्ड तेवढं मेलं होतं.

"हे इंजिन आधीपासून खराब होतं का?"

"खराब?" शेडप्रमुख दुखावले. "सोमवारीच नवी चाकं बसवली. मंगळवारी आणि बुधवारी दोन तासांच्या पल्ल्यात गाडी सहा-सहा मिनिटं आधी पोचली. वरून कौतुकाचा फोन आला मला. माझ्या शेडचं काम बोलतं, मॅडम."

"बोलतंय खरं," बाई म्हणाल्या आणि लोंबणाऱ्या सीलवरचा नंबर टिपून घेतला. तेहतीस सोळा.

खाली चाकांपाशी मिस्त्री हात पुसत उभा होता. शेडप्रमुख जवळ असल्यामुळे त्याची नजर जमिनीवरून उठत नव्हती.

"चाकं तुम्ही बसवलीत?"

"होय, मॅडम. जुनी झिजून एक हजार चाळीस मिलिमीटरवर आली होती. नवी एक हजार ब्याण्णव."

"मग यंत्रणेला चाकाचा नवा व्यास सांगावा लागतो ना?"

"लागतो. त्यासाठी आधी बटण फिरवून यंत्रणा बंद करावी लागते. मग पासवर्ड. तो साहेबांकडेच असतो."

"आता यंत्रणेत किती व्यास आहे?"

"एक हजार ब्याण्णव," शेडप्रमुखच मधे म्हणाले. "अगदी बरोबर. वहीत बघा."

बाईंनी वही मागवली. मार्चमधली ओळ होती: व्यास १०४०, आकडा ७, सील ३३१६. तिच्याखाली सोमवारची ओळ: व्यास १०९२, आकडा वरीलप्रमाणे, सील वरीलप्रमाणे. खाली ऐटबाज सही. बाई वही चाळत असताना एका कारकुनाने सात-आठ कागद पुढे केले, आणि शेडप्रमुखांनी बोलता बोलता, एकाकडेही न बघता, सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

चालक समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. शेजारी त्याची बायको, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. तिने टॉवेल आणि दोन सदरे भरून आणले होते. नवरा घरी येणार नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"बटण फिरवलंत?"

"नाही. आत्याबाई चालू होती," चालक म्हणाला. "धुकं इतकं की हात दिसत नव्हता. पुढे लाल आहे म्हणून पडद्यावर आलं. मी वेग कमी करत करत आणला, पडद्यावरचं अंतर बघत."

"मग?"

"मग सिग्नल एकदम खिडकीपाशीच आला. पडद्यावर अजून अठ्ठेचाळीस मीटर बाकी होते. मी ब्रेक मारला, पण..." तो थांबला. "समितीवाले हसले, मॅडम. म्हणाले, पन्नास तरी म्हण, अठ्ठेचाळीस कसले."

"त्याआधीची शेवटची डबी सिग्नलपासून किती लांब?"

"बरोबर हजार मीटर."

बाईंनी स्वतःच्या टिपणवहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, दोनदा तपासला, आणि चालकाच्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, ती पिशवी खाली ठेवा. हात दुखतील."

तीन वाजता समितीचे तिघे बिस्किटं खात बसले होते. टाइप केलेला अहवाल मधोमध होता. चालक भिंतीपाशी उभा, मिस्त्री दारापाशी. शेडप्रमुखांनी पेनचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

"सहीआधी पाच मिनिटं बोलते," बाई म्हणाल्या. "तिघांनी बिस्किटं खाली ठेवली तर बरं."

त्यांनी ठेवली.

"आत्याबाई चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजते. चाक केवढं आहे हे तिला माणसाने सांगावं लागतं. नवं मोठं चाक बसवून तिला जुनाच लहान आकडा ठेवला, तर काय होईल? गाडी हजार मीटर जाईल, पण ती नऊशे बावन्नच मोजेल. बाकी किती?"



"अठ्ठेचाळीस," भिंतीपाशी चालक हळूच म्हणाला.

"ज्याला तुम्ही हसलात, तो आकडा. यंत्रणा बंद असती तर पडदा कोरा असता. हा आकडा त्याला मनाने रचता आला नसता."

"पण यंत्रणेत नवाच व्यास आहे," शेडप्रमुख म्हणाले. "मी सोमवारीच घातला."

"घातलात? मग मंगळवारी गाडी सहा मिनिटं आधी कशी पोचली? चाक चुकलं की वेगही कमी दिसतो. पडद्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी एकशे पाचने पळते. तुम्ही ज्याचं कौतुक करून घेतलंत, ती तुमचीच चूक धावत होती. उजेडात चालक डोळ्यांनी सिग्नल बघून थांबतात, म्हणून दोन दिवस निभावलं. धुक्यात त्याच्याकडे फक्त पडदा होता."

शेडप्रमुखांनी रुमाल काढला.

"आता मोजू. व्यास घालायला बटण फिरवावंच लागतं, म्हणजे आकडा एकाने वाढतो. चालकानेही फिरवलं असतं तर आणखी एक. सात अधिक दोन, नऊ. यंत्रावर आठ आहेत. बटण एकदाच फिरलंय, आणि व्यास तर घातला गेलाय. म्हणजे ते एकदा चालकाचं नव्हे. कुठूनही मोजा."

"सोमवारीच..."

"सोमवारी फिरवलं असतं तर वहीत आठ लिहिले असते, आणि नवं सील लागलं असतं. केबिनमध्ये लोंबतंय ते मार्चमधलं, तेहतीस सोळा. तुम्ही काय लिहिलंत? वरीलप्रमाणे. आणि पुन्हा वरीलप्रमाणे. काम न करता ओळ भरणाऱ्या माणसाचा हा लाडका शब्द. पण या वेळी तो खरा निघाला. सोमवारी आकडा आणि सील वरीलप्रमाणेच होते, कारण तुम्ही इंजिनाला हातच लावला नव्हता. लावलात तो गुरुवारी, गाडी ओढून आणल्यावर. सील तोडलंत, व्यास सुधारलात, कार्ड काढलंत. आणि वाढलेला आकडा या माणसाच्या माथी मारलात. पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?"

"मला तीस कामं असतात, मॅडम. वरचे साहेब येणार होते सोमवारी."

दारापाशी मिस्त्री खाकरला. "मी विचारलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, गाडी सोड, पासवर्डचं मी बघतो. तेव्हा तुम्ही हारांची ऑर्डर देत होता."

"विसरलात, ते मी एक वेळ समजू शकते," बाई म्हणाल्या. "माणूस विसरतो. पण त्या गार्डचा पाय कापत होते तेव्हा तुम्ही शिडी चढून पुरावा पुसत होता. तुमची मला किळस येते, आणि हे मी अहवालात लिहू शकत नाही याचं वाईट वाटतं."

त्यांनी टाइप केलेला अहवाल ओढून घेतला. पहिल्या पानावर दोनच रकाने महत्त्वाचे होते. 'इंजिन तपासून धावण्यास योग्य ठरवणारा': तिथे शेडप्रमुखांचं नाव आणि हुद्दा होता. त्याखाली, 'अपघातास जबाबदार': तिथे चालकाचं नाव.

बाईंनी चालकाचं नाव खोडलं आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, वरीलप्रमाणे. खाली स्वतःची सही केली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

"मान्य असेल तर सही करा. नसेल तर पोलीस बाहेर आलेच आहेत, त्यांना कारण सांगा."

चालक दार उघडून बायकोकडे गेला. शेडप्रमुखांनी पेन खाली ठेवलं, खिशातून चष्मा काढला, आणि नोकरीत पहिल्यांदाच सहीआधी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.