सव्विसावा शब्द

जुन्या बॅकअप प्रोग्रामचे मागे राहिलेले तुकडे सात होते. पडद्याआड आपोआप चालणाऱ्या दोन सर्व्हिस, एक ड्रायव्हर, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या नोंदवहीतल्या, तीन नोंदी आणि हे सगळं ठरल्या वेळी जागं करणारं एक वेळापत्रक. मूळ प्रोग्राम मात्र जागेवर नव्हता. त्याचा फोल्डर दादाने पंधरवड्यापूर्वी रद्दी काढावी तसा सरसकट पुसून टाकला होता.

म्हणूनच नवा प्रोग्राम बसायला तयार नव्हता. दर वेळी अर्ध्यावर यायचा, जुनी आवृत्ती अजून चालू आहे असं सांगायचा आणि मान टाकायचा.

"घर पाडलंस आणि भाडेकरू आत तसेच ठेवलेस," मोजपट्टी म्हणाली.

"जागा भरली होती. मला वाटलं, फोल्डर गेला की पीडा गेली."

"वाटलं! काढायची एक रीत असते, दादा. पण तू पहिल्यापासून अर्धवट."

मोजपट्टी हे बहिणीचं नाव दादानेच ठेवलेलं. लहानपणी ती पायरीपासून पोळीपर्यंत सगळं मोजत असे. पुढे भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि आता परगावी एका प्रयोगशाळेत तेच काम पगार घेऊन करत होती. दादा बाबांचं श्रवणतपासणी केंद्र चालवत होता. वर घर, खाली दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, संगणक आणि आईची खुर्ची. आतल्या खोलीत ती पेटी, म्हणजे जाड दाराची, काचेची एक खिडकी असलेली आवाजबंद खोली. माणूस आत बसायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि ऐकू आलेला शब्द मोठ्याने परत म्हणायचा.

शब्द बाबांच्या आवाजात होते. पंचवीस शब्द, प्रत्येकानंतर उत्तरासाठी कोरी जागा. ती धरून पाच सेकंदांचा एक शब्द. पाणी, दोरी, खिडकी, मासा. सरळ, सपाट आवाज, ना माया ना राग. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता.

तो ज्या डिस्कवर होता ती आठवडाभर टकटक करत होती. तिचे दिवस भरले होते. फाईल ऐकता येत होती, पण उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हती. 'दुसरं कोणीतरी वापरत आहे' एवढंच उत्तर यायचं. आईने फोनवर आवाज घेऊन पाहिला होता. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला, म्हणून तिने तो पुसला. तिला तो होता तसा हवा होता. त्यासाठीच लेकीला रजा टाकून यायला लावलं होतं.

मोजपट्टीने दोन्ही सर्व्हिस थांबवल्या, काढल्या, संगणक पुन्हा सुरू केला. त्या परत आल्या होत्या. ज्या फायलींच्या जोरावर त्या चालायच्या, त्या फायली डिस्कवर कुठेच नव्हत्या. तिने दोनदा शोधलं. नसलेल्या पायांवर उभं राहून काहीतरी रोज काम करत होतं, आणि कसली तरी प्रत घेत होतं.

कसली, हे पाहताना तिची नजर बाबांच्या फाईलवर गेली. लांबी दोन मिनिटं दहा सेकंद.

"पंचवीस पंचे किती?" तिने विचारलं.

"सव्वाशे," दादा म्हणाला. "आता पाढेही म्हणून घेणार का?"

सव्वाशे सेकंद म्हणजे दोन मिनिटं पाच. पाच सेकंद जास्त होते.

ती पेटीत जाऊन बसली. दादाने बाहेरून दार लावलं. बाहेरच्या मापकावर पेटीतला आवाज दिसायचा. रिकामी असली की अठरा डेसिबल, माणूस बसला की बावीस. चारचा फरक श्वासाचा, असं बाबा सांगायचे. काचेतून दादाने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं दाखवली. बावीस.

पंचवीस शब्द झाले. मग शांतता संपायला हवी होती, ती संपली नाही. आणि त्याच सपाट आवाजात, एकेक अक्षर सुटं करून, बाबा म्हणाले, "अर्धवट."

नंतर उत्तरासाठी कोरी जागा.

ती बाहेर आली ती तोफेच्या तोंडातून सुटल्यासारखी. आवाजाची नक्कल करणारे प्रोग्राम हल्ली फुकट मिळतात, आईच्या जिवाशी असला खेळ करताना लाज कशी वाटली नाही, असं बरंच काही ती बोलली. दादाने एरवी उलट टोला दिला असता. आता तो नुसता संगणकाकडे बोट दाखवत होता. सकाळपासून तिथे तिच्याखेरीज कोणी बसलंच नव्हतं, आणि तो शब्द तिने उच्चारला तेव्हा दादा तिच्यासमोर उभा होता. हे तिलाही ठाऊक होतं. त्यामुळे तिचा राग आणखी चढला.

आईने हेडफोन मागून घेतला. खुर्चीत बसून तिने सगळी यादी ऐकली आणि प्रत्येक शब्द पेशंटासारखा हळूच परत म्हटला. पाणी. दोरी. शेवटी "अर्धवट" म्हणतानाही तिचा आवाज हलला नाही.

"राहू दे," हेडफोन उतरवत ती म्हणाली. "तो जुना भाग काढू नकोस."

"आई, डिस्क संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. हे काढलं नाही तर पंचवीसही जातील."

"जाईपर्यंत तर बोलतील."

मोजपट्टीच्या डोक्यात सणक गेली. "इतकी वर्षं कुठे गेलं होतं बोलणं? परक्यांच्या कानात सुई पडली तरी यांना कळायची. घरात आपण तिघं तोंड दुखेपर्यंत बोलायचो आणि हे मूग गिळून पानाकडे बघायचे. मी घर सोडून जाते म्हटलं, तेव्हाही हेच. आता ऐकू यायला लागलं होय?"

"ऐकू तेव्हाही यायचं," आई म्हणाली. "मला माहीत आहे."

डिस्क टकटकत राहिली. दादाने पडद्याकडे पाहून घसा खाकरला. लांबी दोन मिनिटं पंधरा सेकंद झाली होती.

या वेळी मोजपट्टीने स्पीकर लावला आणि थेट शेवटावर नेलं.

"राहू दे," बाबा म्हणाले.

कोरी जागा आली. आईचे ओठ हलले, आणि तिने ते परत म्हटलं.

मोजपट्टी खुर्ची ओढून बसली. आता तिला चूक दिसली होती. तिने आधी सर्व्हिस काढल्या होत्या आणि वेळापत्रक तसंच ठेवलं होतं, तेच त्यांना परत उठवत होतं. निदान असं मानायला जागा होती. तिने क्रम बदलला.

वेळापत्रक काढलं. मग दोन्ही सर्व्हिस. मग ड्रायव्हर.

लांबी दोन मिनिटं वीस.

"अगं, एकदा ऐक तरी," आई म्हणाली.

"नाही."

"तुझ्यासाठी असेल."

"म्हणूनच नाही."

पहिली नोंद काढली. दुसरी काढली. तिसरी निवडली. तिने बटण दाबलं.

संगणक बंद होऊन सुरू झाला. सातांपैकी एकही परत आला नाही.

फाईल दोन मिनिटं पाच सेकंदांची होती.

नवा प्रोग्राम या वेळी शेवटपर्यंत गेला. नव्या डिस्कवर सगळी प्रत उतरली, पंचवीसही शब्द, चूक एकही नाही. दादा म्हणाला की आता त्या जुन्या डिस्कला तिलांजली द्यायला हरकत नाही. थोड्याच वेळात डिस्कची टकटक आपणहून थांबली.

आई हेडफोन मांडीवर घेऊन बसून होती. "काय म्हणाले असतील?" तिने विचारलं. लेक टेबल आवरू लागली.

केंद्र बंद करण्याआधी पेटी मोजायची, ही बाबांची शिस्त. आत कोणी नाही ना पाहायचं, दार लावायचं, आकडा बघायचा. मोजपट्टीने आत डोकावलं. स्टूल, आणि खुंटीवर दुसरा हेडफोन. तिने दार घट्ट लावलं आणि मापकापाशी आली. दादा आईच्या खुर्चीमागे उभा होता. तिघंही बाहेर होते.

तिने आकडा पाहिला. मापक बंद केलं, पुन्हा चालू केलं, काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं.

बावीस डेसिबल.