घडीच्या पाठीवरचं टिंब

बसा पोट्टेहो, मोबाईल ठेवा खाली. हे देवमनची गोष्ट हाय, अमरावतीत घड्या दुरुस्त करते ना, त्याची. खोटी वाटली तं जा, त्याले विचारा. सांगन नाई तो, पण त्याचं तोंड पाहून समजन तुमाले.

गेल्या कार्तिकातली चतुर्दशी. मंगळवार. देवमन नांदगाव खंडेश्वरले महादेवरावच्या घरी गेला. बैठकीत त्यायच्या आज्याची भिंतीवरची घडी, चावीची, लंबकाची. सोळा वर्षं झाले, बंद. पंधरा दिवसांवर नातीचं साक्षगंध, म्हणून महादेवरावले ते चालू पाह्यजे होती.

"पाय बाबू," महादेवराव म्हणे, "तुह्या खुशालरावनं हिची पार माती केली होती. तू तरी नीट कर." आन् ते आरतीले देवळात निंघून गेले.

देवमनच्या छातीत ते बोलणं खिळ्यासारखं बसलं. काहून? ऐका.

खुशालराव म्हणजे त्याचे उस्ताद. त्यायची एक रीत होती. घडी दुरुस्त केली की मशीनच्या मांगच्या पितळी पत्र्यावर सुईनं 'खु' आन् तारीख कोरत. टिंब मात्र लगेच देत नसत. एकदा चावी देल्ली की घडी आठ दिवस चालते. ते आठ दिवस बरोबर चालली, तं सोता त्या घरी जाऊन, मशीन काढून, अक्षराखाली टिंब देत. टिंब म्हणजे काम पास.

सोळा वर्षांमांगं त्यायच्या डोयात मोतीबिंदू उतरला. हे घडी त्यायनं देवमनच्या हाती देल्ली. "भोक झिजलं हाय बाबू, चाक डुलून राह्यलं. भोकात नवा पितळी बुश बसव." देवमन चोवीस वर्षांचा, दोस्तलोक कौंडण्यपूरच्या यात्रेले निंघून राह्यलेले. त्यानं मशीन काढलं, मळावरच तेल सोडलं, उस्तादाच्या नावानं 'खु १-११-०९' कोरलं आन् घडीचं दार लावून मोकळा झाला. चौथ्या दिवशी ते थांबली. महादेवराव दुकानात येऊन भर बाजारात ओरडले, "डोये गेले तं घरी बसा ना! लोकाइच्या घड्या काहून मारता?"

उस्तादानं देवमनकडं पाह्यलं. एकदाच. मंग महादेवरावले हात जोडले, "चुकलं माह्यं."

त्या दिवसापासून त्यायनं सुई हातात धरली नाई. होळीच्या आंदी गेले बिचारे. देवमननं खांदा देल्ला, पण तोंड उघडलं नाई. लाज वाटे त्याले. सोळा वर्षं, रोज वाटे.

तं त्या रात्री त्यानं मशीन बाहेर काढलं. 'खु १-११-०९'. खाली टिंब नाई. भोक अजूनच झिजलेलं. बुश पिशवीत होता, पण काम तीन तासांचं, आन् शेवटची एसटी नऊची. पावणेनऊ वाजले होते. माणूस सुधरत नाई, बाप्पा! त्यानं तेलाची कुपी काढली. एक थेंब. दुसरा. घडी परत भिंतीवर. लंबक हलवला.

टिक... टक. टिक... टक. लंगडी चाल.

त्यानं पिशवीची चेन लावली. आन्...

ठक. ठक. ठक.

उस्तादाले काम पसंत नसलं तं ते बोलत नसत. बोट वाकवून टेबल ठोकत. तीनदा.

देवमननं टेबलाकडं पाह्यलं. कोणीच नाई.

ठक. ठक. ठक.

घडीतून. आतून.

लंबक हलत होता. टिकटिक मात्र... नाई. गल्लीतलं कुत्रंही गप.

"उस्ताद?"

...

"उस्ताद, ते मी..."

ठक.

बाहेर एसटी आली आन् गेली. देवमन जमिनीवर बसून लेकरावानी रडला. मंग उठला. घडी उतरवली, चावीची कमान सैल केली, एकेक चाक राकेलनं धुतलं, नवा बुश बसवला. महादेवराव आले, "अजून काम चालूच हाय का?" म्हणून झोपाले गेले. त्यानं मान वर केली नाई.

सकाळी त्यानं महादेवरावसमोर तो पत्रा धरला. "हे अक्षर उस्तादाचं नाई जी, माह्यं हाय. पाहा, टिंब नाई. घडी मी मारली. त्यायनं माह्यं पाप आपल्या अंगावर घेतलं."

महादेवराव म्हणे, "आन् मी त्याले भर बाजारात..." त्यायनं उस्तादाच्या नावानं हात जोडले.

देवमननं जुन्या अक्षराखाली 'दे' आन् तारीख कोरली. महादेवरावनं घडीच्या दाराले कुलूप लावलं, किल्ली आपल्या करदोड्याले बांधली.

आठ दिवस घडी चालली. मिनिटाचा फरक नाई. नवव्या दिवशी देवमन टिंब द्याले गेला. महादेवरावनं किल्ली करदोड्यातून सोडली, कुलूप काढलं, यानं मशीन बाहेर घेतलं. देवमन सुई घेऊन वाकला, आन् त्याचा हात तिथंच थांबला.

'दे' च्या खाली काईच नव्हतं.

वरती, 'खु १-११-०९' च्या खाली, टिंब होतं. ताजं. पितळेचा कीस अजून त्याले चिकटलेला. महादेवरावनं बोट लावलं, तं तो बोटाले आला.