चार वाजताची ऊब

"हलू नका!"

पाण्याचा कूलर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने भलतंच, प्रयोगशाळेचं दार उघडलं होतं आणि हत्यारांची पिशवी धप्पकन टेबलावर ठेवली होती. संगणकाच्या पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. पडद्यासमोर बसलेल्या मुलीने कपाळाला हात लावला.

"गेली माझी सकाळ!"

"पिशवीच तर ठेवली..."

"या यंत्रात एकच कण धरून ठेवलाय, अतिशय थंड. गरम चहा आपोआप निवतो, तसा थंड कण आपोआप तापतो का, ते मोजतेय. तुमच्या पिशवीच्या धक्क्यानेही त्याला ऊब लागते. नुसतं बघितलं तरी बदलतो तो."

"माझंही तसंच आहे," तो म्हणाला.

ती हसू दाबत पडद्याकडे वळली.

तिथला यंत्र थंड ठेवणारा पंप कुरकुरत होता. तो त्याने दुरुस्त केला आणि मग रोज चारला पंप बघायला येऊ लागला. तेल बघायचं, कान लावायचा, मग लोखंडी चौकटीला टेकून तिच्या वेणीशी गप्पा मारायच्या. ती पाठमोरीच उत्तरं द्यायची.

"एवढा त्या पंपाला बघतोस," घरी ताई म्हणाली, "लग्नच कर त्याच्याशी!"

तिचं काम मात्र बसेना. रोज दुपारी रेघ वर जायची. शुक्रवारपर्यंत सरळ रेघ मिळाली नाही, तर यंत्र दुसऱ्यांना मिळणार होतं. दोन वर्षांची मेहनत वाया.

बुधवारी तिने आठवड्याचे कागद भिंतीवर लावले. रोज चारला उंचवटा. फक्त सोमवारी रेघ सपाट. सोमवारी तो ताईला दवाखान्यात घेऊन गेला होता... चौकटीवरचा हात त्याने चटका बसल्यासारखा काढला.

गुपचूप यायचं थांबवता आलं असतं. पण मग ती कारण शोधत बसली असती.

"मॅडम... चारची ऊब माझी आहे. यंत्र ह्याच चौकटीला टांगलंय. मी तिलाच टेकतो."

ती पहिल्यांदा पूर्ण वळली. "मग टेकू नका. पंप बघा आणि जा."

"पंपाला... महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं."

त्याने पिशवी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि तो गेला.

गुरुवारी चार वाजता तो खाली पंखा उघडून बसला होता. एकच स्क्रू त्याने तीनदा आवळला. शुक्रवारीही तेच.

शनिवारी तिचा फोन आला. "पंप बंद पडलाय."

तो धावतच गेला. खोली शांत होती. भिंतीवर दोन नवे कागद, दोन्हींवर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नितळ.

"पडला कुठे? बंद केलाय कोणीतरी."

"मीच. काम झालं." ती बोटाने वेणीचं टोक गुंडाळत होती. "महिन्यातून एकदाचं मला माहीत होतं. पंपावरच लिहिलंय."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते तर... आला असता?"

घड्याळात चार वाजले होते. ती उठली, चौकटीला टेकली आणि शेजारी जागा करून म्हणाली,

"टेक आता. लागू दे किती ऊब लागते ती."