मिठूच्या शेपटीवर सात टिचक्या

चिखलीहून बुलढाण्याला जाणाऱ्या जीपमध्ये मधल्या सीटवर आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो होतो. ऑक्टोबर होता, सोयाबीनची सोंगणी सुरू होती, आणि वाऱ्याबरोबर भुसा येऊन केसांत अडकत होता. मांडीवर लहान मुलांचा टॅबलेट घेऊन मी त्याच्यातल्या हिरव्या पोपटाकडे रागाने बघत होते. तेवढ्यात जीप एका खड्ड्यात आपटली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या... आणि माझ्या मांडीवरून भसाड्या आवाजात आई-बहिणीवरची अशी शिवी निघाली, की ड्रायव्हरने ब्रेकच मारला.

स्क्रीनवर पोपट नव्हता. अंगावर कपडे नसलेल्या एका बाईचं चित्र होतं.

अख्खी जीप माझ्याकडे वळली. पांढरा ड्रेस, हातावर काळा कोट, आणि मांडीवर हे! समोरच्या आजीने पदर तोंडाला लावला. शेजारून एक हात आला, टॅबलेट पालथा झाला, आवाज बंद झाला.

"घाबरू नका," शेजारचा तरुण हळूच म्हणाला. "पोपटाच्या शेपटीवर तुमचा अंगठा लागोपाठ सात वेळा आपटला, म्हणून झालं. मी मोजलं."

"तुम्ही माझ्या टॅबलेटमध्ये डोकावत होता?"

"टॅबलेटमध्ये... हो, टॅबलेटमध्येच," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

खरं तर मी चिडायला हवं होतं. पण मी आनंदाने त्याचा दंडच धरला! कारण हीच शिवी आणि हेच चित्र मी दोन महिन्यांपासून शोधत होते.

मी ॲडव्होकेट मंजुश्री. उंद्रीची. वकिलीला दोन वर्षं झाली होती, आणि हातात पहिलीच मोठी केस होती, वच्छलाबाईंची. वच्छलाबाई आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात स्वतःच्या घरात बालवाडी चालवायच्या. पुण्याच्या 'चिवचिव किड्स' नावाच्या कंपनीचा हा टॅबलेट त्यांनी हौसेने घेतला. मिठू पोपट मुलांना बाराखडी म्हणायला लावायचा. एके दिवशी सकाळी अकरा पोरांसमोर मिठूने 'क' ऐवजी शिवी घातली आणि ते चित्र दाखवलं. गावाने म्हटलं, वच्छलाच वाईट, तिनेच पोरांना दाखवलं. आठवड्यात बालवाडी रिकामी. पाण्याला गेल्या तरी बाया बोलणं थांबवायच्या. कंपनीचं उत्तर तर आणखी भारी: आमच्या खेळात असं काही नाहीच, या बाईनेच बाहेरून टाकलं असणार.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पण ते चित्र काही केल्या परत येईना. आणि आज, या खड्ड्यांत...

"साक्ष द्याल?" मी जीपमध्येच विचारलं.

"नाव तरी विचारा आधी," तो हसला. "संघर्ष. रोहिणखेडचा."

तो चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता, आता तेच काम घरून करायचा. पुढच्या दोन आठवड्यांत तो चारदा बुलढाण्याला आला. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून त्याने त्या खेळाचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. शेवटी एक फाईल सापडली. नाव होतं 'शेपूट'.

"हे बाहेरून आलेलं नाही," तो म्हणाला. "बनवणाऱ्यानंच गंमत म्हणून लपवलं. पोरं एकाच जागी टिचक्या मारतात हे त्याच्या ध्यानातच आलं नसंन." काम रंगात आलं की त्याची पुण्याची मराठी अशी गळून पडायची, आणि मला फार बरं वाटायचं.

"चार दिवसांचं काम होतं ना हे?" मी विचारलं.

"एका दिवसाचं होतं."

"मग चारदा काऊन आले?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इथला चहा चांगला आहे..."

टपरीवरचा चहा अगदी पाणी होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मला कळलं, की तो येणार असला की मी ओढणी दोनदा बदलते. मी घाबरलेच. साक्षीदार आणि वकील! कंपनीच्या वकिलाला एवढंच पुरे होतं, आणि त्यात वच्छलाबाई बुडाल्या असत्या. मी त्याला फोन केला.

"साक्ष होईपर्यंत आपण भेटायचं नाही. बोलायचंही नाही."

"आणि साक्ष झाल्यावर?"

मी फोन ठेवला. उत्तर माझ्याकडे होतं, पण...

डिसेंबरात कंपनीचा माणूस वच्छलाबाईंच्या दारात आला. नवे टॅबलेट देतो, भरपाई देतो, फक्त 'काही घडलंच नाही' एवढं लिहून द्या. वच्छलाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सही केली तं मीच खोटी ठरते ना, भाऊ! मले तुमचं काही नाई पाह्यजे. माहं नाव धुऊन पाह्यजे."

जानेवारीत सुनावणी झाली. माझ्या विनंतीवरून आयोगाने कंपनीला एक नवाकोरा, सीलबंद टॅबलेट आणायला सांगितलं होतं. तो टेबलावर होता. संघर्षची साक्ष झाल्यावर कंपनीचे पुण्याचे वकील उठले. त्यांनी कुठून तरी टपरीचा पत्ता लावला होता.

"आपण तक्रारदाराच्या वकिलांना किती वेळा भेटलात?"

"पाच. पहिल्यांदा जीपमध्ये."

"फक्त कामासाठी?" ते हसले. "शपथेवर आहात. त्या तुम्हाला आवडतात की नाही?"

मी आक्षेप घ्यायला उठले, पण मला उशीर झाला. संघर्षने माझ्याकडे पाहिलं नाही. तो सरळ आयोगाच्या अध्यक्षा मॅडमकडे बघत म्हणाला, "आवडतात. खूप. त्यांना मी आवडतो का, ते मला माहीत नाही. त्यांनी मला तीन महिने बोलूही दिलं नाही." मागे कोणीतरी हसलं. "पण मॅडम, मी प्रेमात आहे म्हणून यांच्या सीलबंद टॅबलेटमध्ये तर काही शिरणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः करून बघा. शेपटीवर सात टिचक्या."

पुण्याचे वकील काही बोलायच्या आत अध्यक्षा मॅडमनी सील तोडायला सांगितलं. टॅबलेट सुरू झाला. मिठू म्हणाला, "नमस्कार, बाळांनो!" मॅडमनी बोट पुढे केलं. एक, दोन, तीन... मी मनात मोजत होते... सहा, सात.

ती शिवी आयोगाच्या भिंतींवर आपटून घुमली.

मॅडमनी टॅबलेट पालथा ठेवला आणि लेखनिकाकडे वळून म्हणाल्या, "जसंच्या तसं नोंदवून घ्या." वच्छलाबाई पाठीमागच्या बाकापाशी उभ्या राहिल्या होत्या. रडत होत्या, आणि मान मात्र ताठ होती.

निकाल फेब्रुवारीत लागला. खेळातून ते काढायचं, विकत घेणाऱ्या प्रत्येकाला कळवायचं, भरपाई द्यायची, आणि वच्छलाबाईंची माफी त्यांच्याच गावात, सगळ्यांसमोर मागायची.

मार्चमधल्या एका सकाळी कंपनीच्या अधिकाऱ्याने बालवाडीच्या अंगणात माफीनामा वाचला. गाव जमलं होतं. सगळ्यांत आधी पोर काढून नेणाऱ्या पुष्पाबाई नातीचा हात धरून पुढे आल्या. "वच्छला, माहं चुकलं," म्हणाल्या, आणि नातीला आत नेऊन बसवलं. मग दुसरी आली, तिसरी आली. कोणीतरी हलगी काढली. वच्छलाबाईंनी मला गुलाल लावला, संघर्षला तर न्हाऊच घातलं.

आम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत चालत निघालो. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला गहू होता. थांबा दिसायला लागला.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो... राग आला असंन तं..."

"राग आला," मी म्हणाले. "मले आधी सांगायचं सोडून आयोगाले सांगितलं."

तो थांबला. मी थांबले नाही. पर्समधून फोन काढला आणि घरी लावला.

"आई, रविवारी भरीत-भाकर जास्त कर."

"काऊन? कोण येऊन राह्यलं?"

"संघर्ष."

"तो साक्षीदार?"

"केस संपली, आई." मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. गुलालाने माखलेला, चष्म्यावरही गुलाल, आणि डोळे हे एवढाले झालेले. "आता साक्षीदार नाई तो. आता माहा आहे."

थांब्यावरच्या बाया बोलणं सोडून ऐकायला लागल्या होत्या. मग फोनमधून आईचा त्यालाही ऐकू जाईल असा आवाज आला, "तिखट खातो का, विचार त्याले."

मी विचारायच्या आतच तो ओरडला, "हाव, खातो!"