पंप येईपर्यंत

त्या दुपारी दोघं धुतलेल्या कपड्यांची पिशवी आणि पाव घेऊन रबरी होडीतून आपल्या बोटीकडे परतत होती. इतकं साधं काम. या बंदरात अडकल्यापासून त्यांचे सगळेच दिवस असल्या कामांचे झाले होते. लाँड्री, पाव, गोड्या पाण्याचे कॅन, आणि वेळ जात नाही म्हणून दीपस्तंभापर्यंत एक फेरी. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फुटला होता. बोट शिडाची असली तरी बंदराच्या अरुंद तोंडातून बाहेर पडायला इंजिन लागतंच. धक्क्यावरच्या मेकॅनिकने नवा पंप मागवला होता आणि कधीही विचारा, तो म्हणायचा, "येतोय ताई, वाटेत आहे." पंप नव्हे, रुसलेला पाहुणाच जणू.

नवरा-बायको साठीला टेकलेली. बोटीवर ती त्याला कप्तान म्हणायची, तो तिला खलाशी. कप्तान हौसेने आणि खलाशी नाइलाजाने, असं ती चारचौघांत सांगायची.

दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवण्याआधी तिच्या बाजूवर ठकठक करायची, ही दर्यावर्दी लोकांची रीत. कप्तान एके काळी ती स्वतःच्या बोटीवरही पाळायचा. बोटातली पोलादी अंगठी बोटीवर आपटून विचारायचा, "आहे का कोणी घरात?" कारण त्यांची एकुलती एक लेक होडीतून आधी वर चढून आत लपलेली असायची, आणि इवल्या मुठीने आतून दोनदा ठोकायची. नवव्या वर्षी ती तापाने गेली. त्यानंतर त्याने कधी अंगठी आपटली नाही.

त्या दुपारी त्याच्या काय मनात आलं कोण जाणे. होडी बोटीला लागली, त्याने हात उचलला आणि अंगठी आपटली. टण.

"आहे का कोणी घरात?"

धप. धप.

तिच्या हातातली पिशवी निसटली.

"ऐकलंस?" तो कुजबुजला.

"लाट असेल..."

पण पाणी ताटातल्यासारखं सपाट होतं. तो धडपडत वर चढला, केबिन धुंडाळली, फळ्या उचलून पाहिल्या. आत कोणी नव्हतं. फक्त खाली साचलेल्या पाण्याचा कुबट वास होता. तरी बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. किती वर्षांनी! तिला आनंद व्हायला हवा होता. ती होडीतच बसून राहिली.

मग त्याला किनाऱ्यावर जायची घाई होऊ लागली, आणि त्याहून जास्त परतायची. दीपस्तंभाची फेरी अर्ध्यावर सुटू लागली. मेकॅनिककडची चौकशीही त्याने स्वतःकडे घेतली. "अजून नाही," एवढंच येऊन सांगायचा. आणि परतताना अंगठी आपटली की उत्तर यायचंच. आधी दोनदा, मग तीनदा, मग आणखी जोरात, मोठ्या हाताने मारल्यासारखं.

"ती दोनदाच ठोकायची," ती एकदा म्हणाली. "आणि इतक्या जोरात कधीच नाही."

"मोठी झाली असेल आता," तो म्हणाला.

एक लेक गेली होती, आता नवराही डोळ्यांदेखत हातचा चालला होता. पंप आला की त्याला इथून ओढून न्यायचं, एवढ्या एका आशेवर ती दिवस ढकलत होती.

एकदा डोकं दुखतंय असं सांगून ती मुद्दाम बोटीवर थांबली. केबिनमध्ये अनवाणी बसून राहिली. बऱ्याच वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. मग टण.

"आहे का कोणी घरात?"

उत्तर केबिनमधून आलं नाही. ते तिच्या तळव्यांखाली आलं, फळ्यांच्याही खालून, बोटीच्या तळाला पाण्याच्या बाजूने. धप. धप. धप. मग काहीतरी तळाला घासत, सावकाश, कप्तानचा आवाज होता त्या बाजूला सरकत गेलं.

"आलो गं बाळा," बाहेरून कप्तान म्हणाला.

तो आत येताच तिने त्याचे दोन्ही हात धरले. "ते आत नाहीये... खाली आहे, पाण्यात. ती आपली नाहीये हो..."

त्याने हात सोडवून घेतले. "तुला ती परत नकोच आहे का?"

कुठल्या आईने काय उत्तर द्यायचं याला? ती रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला धक्क्यावर सोडलं. "तू कपडे आण, मी थांबतो बोटीवर." ती लाँड्रीत गेलीच नाही. तडक मेकॅनिकच्या शेडमध्ये गेली.

"पंप?" तो ग्रीसचे हात पुसत म्हणाला. "अहो ताई, तो तर मागेच आला. साहेब स्वतः घेऊन गेले, मीच बसवतो म्हणाले. बसला नाही अजून?"

तिचा चेहरा पाहून त्याने हातातलं काम टाकलं. आपली छोटी लाँच काढली आणि तिला बसवलं.

ऊन उतरत होतं. बोट जागेवर होती. रबरी होडी तिच्या मागे बांधलेली होती. डेकवर पंपाचा खोका न उघडताच ठेवला होता, आणि त्याच्याशेजारी कप्तानच्या चपला, पाण्याकडे तोंड करून.

"अहो..." तिने हाक मारली. कोणी ओ दिली नाही.

मेकॅनिक रीतीचा माणूस. तिने हात धरायच्या आत त्याने पान्याने बोटीवर ठोकलं. "साहेब, आहात का?"

खालून उत्तर आलं. धप. धप. इवल्या मुठीचं, अगदी हळू. आणि त्यालाच लागून, स्वच्छ, पोलादाचं. टण.

"आहेत की!" मेकॅनिक हसला. "खाली इंजिनपाशी बसलेत. चढा तुम्ही."

ती हलली नाही. काहीतरी घासत सरकत होतं. बोटीच्या तळाकडून, इकडे. मग लाँचच्या फळीवर, बरोबर तिच्या तळव्यांखाली, अंगठी वाजली. टण.

"ताई," मेकॅनिकने वळून विचारलं, "तुम्ही कशाला ठोकताय?"

तिचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले होते.